प्रोटेस्टंट आणि नास्तिक मित्रांशी बोलताना कॅथोलिक श्रद्धेची बाजू नेमकी कशी मांडावी?

ओंजळ

नमस्कार मंडळी. श्रद्धेवर बोलणं निघालं की कॅथोलिक माणसाला दोन अगदी वेगळ्या बाजूंना तोंड द्यावं लागतं. प्रोटेस्टंट मित्र बायबल उघडूनच बसतात: मरियेकडे प्रार्थना करा असं कुठे लिहिलंय, शुद्धिस्थान (मरणानंतरच्या शुद्धीकरणाची अवस्था) कुठल्या अध्यायात आहे, मध्यस्थ एकच असताना संत कशाला? नास्तिक मित्र बायबल मिटायला सांगतात: आधी देव आहे हे दाखवा, मग जगातल्या दुःखाचं काय ते बोला. एकाला दिलेलं उत्तर दुसऱ्याच्या काहीच कामाचं नसतं. त्यात बोलणं एका जागी ठरत नाही. पोपवरून मरियेवर, तिथून गॅलिलिओवर, आणि एकही मुद्दा धड पुरा होत नाही.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सुरुवात कुठून करावी? कोणते युक्तिवाद खरोखर टिकतात? आणि आपल्यातच पाठ होऊन बसलेली कोणती उत्तरं चुकीची किंवा कच्ची आहेत? समोरच्याला गप्प करायचं नाहीये. ख्रिस्तसभा (चर्च) जे शिकवते ते त्याच्यापर्यंत नीट पोचावं, एवढंच हवंय.

दीपस्तंभ

तुमचा तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. कॅथोलिक बाजू वादात उघडी पडते ती बहुधा शिकवण दुबळी असते म्हणून नाही. आपण शिकवणीपेक्षा मोठा दावा करून बसतो म्हणून.

पोपचंच घ्या. 'पोप कधी चुकत नाही' असं म्हटलंत की समोरच्याला फक्त एक चुकलेला पोप शोधायचा असतो, आणि तो सापडतो. पोप पहिल्या होनोरियसला त्याच्या मृत्यूनंतर ६८०-६८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या तिसऱ्या परिषदेनं दोषी ठरवलं. पहिल्या व्हॅटिकन परिषदेनं १८ जुलै १८७० रोजी जे ठरवलं ते फार मोजकं आहे. पोप सर्व ख्रिस्ती लोकांचा मेंढपाळ आणि गुरू या अधिकारानं, श्रद्धा किंवा नीती या विषयावर, अख्ख्या ख्रिस्तसभेनं मानावी अशी शिकवण निर्णायकपणे जाहीर करतो, तेव्हाच ती प्रमादरहित, म्हणजे चुकीपासून मुक्त. त्यानंतर अशी घोषणा एकदाच झाली, १९५० साली, मरियेच्या स्वर्गोन्नयनाची (तिला देहासह स्वर्गात नेलं गेलं या सिद्धांताची). मुलाखती, राजकीय मतं, बिशपांच्या नेमणुका यात बसत नाहीत. पोप पाप करत नाही असं तर ख्रिस्तसभेनं कधीच शिकवलेलं नाही. पौलानं पेत्राला तोंडावर विरोध केला (गलतीकर २:११), पण तो पेत्राच्या वागण्याबद्दल होता, यहुदी नसलेल्या बांधवांबरोबर जेवायचं त्यानं सोडलं म्हणून. त्या वचनानं आपली बाजू मोडत नाही, आणि ते वचन ऐकून आपण गडबडायचंही कारण नाही.

म्हणून कुठलाही मुद्दा घेण्याआधी तो कोणत्या पायरीचा आहे हे स्वतःशी ठरवा. बंधनकारक श्रद्धासिद्धांत, सर्वसाधारण शिकवण, शिस्तीचा नियम की भक्तीची रीत? धर्मगुरूंचं ब्रह्मचर्य हा लॅटिन परंपरेतला शिस्तीचा नियम आहे; पोपशी पूर्ण ऐक्यात असलेल्या अनेक पौर्वात्य कॅथोलिक ख्रिस्तसभांत विवाहित धर्मगुरू आहेत. मरियेची दर्शनं, अगदी मान्यता मिळालेलीसुद्धा, श्रद्धेच्या ठेव्यात भर घालत नाहीत, हे धर्मशिकवण ग्रंथाच्या (ख्रिस्तसभेच्या शिकवणीच्या अधिकृत संग्रहाच्या) ६७ व्या परिच्छेदात स्पष्ट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ च्या ऐक्यविषयक निर्णयात सत्यांची एक उतरंड मानली आहे. ती विसरून सगळंच सारख्या त्वेषानं लढवायला गेलं की ख्रिस्ताचं देवत्व आणि जपमाळ एकाच तराजूत पडतात.

आता सुरुवात. प्रोटेस्टंट मित्राला पहिला प्रश्न विचारा: तुमची मंडळी कोणती? हा सभ्यतेचा प्रश्न नाही, कामाचा आहे. प्रोटेस्टंट चळवळीचा आरंभ करणारा ल्युथर ख्रिस्तप्रसादात (प्रभुभोजनाच्या भाकर-द्राक्षारसात) ख्रिस्ताचं खरं शरीर मानत होता. १५२९ साली मार्बुर्ग इथं त्याचं आणि स्विस सुधारक झ्विंगलीचं याच मुद्द्यावर फिसकटलं. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा ल्युथरन, रिफॉर्म्ड आणि अँग्लिकन करतात, बाप्टिस्ट करत नाहीत. ल्युथरन माणसाला बाप्टिस्टासाठी तयार केलेलं उत्तर दिलंत तर तो नुसता गोंधळून बघेल.

मग मुळावर या: प्रमाण कोणतं? मरिया, शुद्धिस्थान, पोप हे सगळे वाद शेवटी इथंच येतात, म्हणून हा आधी झालेला बरा. पण 'फक्त बायबल' या भूमिकेचं बुजगावणं उभं करू नका. जाणता प्रोटेस्टंट परिषदा आणि विश्वासांगीकार (श्रद्धेची ठरलेली कबुली) फेकून देत नाही. त्याचं म्हणणं एवढंच असतं की चूक होऊच शकत नाही असं प्रमाण एकट्या शास्त्राचं आहे, बाकी सगळी प्रमाणं दुरुस्त करता येतात. उत्तर या म्हणण्याला द्या.

ते असं. २ तीमथ्य ३:१६-१७ शास्त्राला देवप्रेरित आणि उपयुक्त म्हणतं. एकमेव म्हणत नाही. शिवाय १५ वं वचन तीमथ्याला बालपणापासून ठाऊक असलेल्या शास्त्राबद्दल आहे, म्हणजे जुन्या कराराबद्दल. तोंडी असोत वा पत्रानं, मिळालेल्या परंपरा धरून ठेवा, असं २ थेस्सलनीकाकर २:१५ सांगतं. १ तीमथ्य ३:१५ मध्ये ख्रिस्तसभा सत्याचा स्तंभ आणि पाया आहे. यातून एवढं नक्की सिद्ध होतं की प्रेषितांच्या काळात तोंडी शिकवणीला अधिकार होता. आजची अमुक परंपरा प्रेषितांपासूनच आली हे मात्र या वचनांतून सिद्ध होत नाही. 'तोंडी होतं ते पुढे लिहिलं गेलं,' असं प्रोटेस्टंट म्हणेल, आणि ते म्हणणं विचारात घेण्याजोगं आहे. प्रत्येक परंपरेसाठी पुरावा वेगळा द्यावा लागतो.

आणखी एक. अर्धी श्रद्धा बायबलात आणि अर्धी बाहेर, असं मानायची कॅथोलिकावर सक्ती नाही. १९६५ च्या देवशब्दविषयक दस्तऐवजात शास्त्र आणि परंपरा एकाच झऱ्यातून येतात आणि शिकवणारा अधिकार देवशब्दाच्या वर नसून त्याचा सेवक आहे, असं म्हटलंय. प्रोटेस्टंट मित्राला हे आधी सांगितलंत तर त्याची निम्मी धास्ती जाते.

सगळ्यात भक्कम प्रश्न यादीचा. बायबलात कोणती पुस्तकं असावीत याची यादी बायबलातल्या कुठल्याच पुस्तकात नाही. नव्या कराराच्या नेमक्या २७ पुस्तकांची यादी अलेक्झांड्रियाचा बिशप संत अथनेशियस याच्या ३६७ सालच्या पत्रात दिसते. हिप्पो (३९३) आणि कार्थेज (३९७) इथल्या आफ्रिकी परिषदांनी यादी मान्य केली. ती यादी खात्रीनं बरोबर आहे हे कोणत्या प्रमाणावर मानायचं? हा प्रश्न विचारून थांबा. उत्तराला वेळ लागतो.

पानगळ

यादीच्या मुद्द्याला जोड देते, कारण आपली माणसं सगळ्यात जास्त इथंच घसरतात.

'ल्युथरनं सात पुस्तकं काढून टाकली' (जुन्या करारातली, कॅथोलिक बायबलात असलेली पण प्रोटेस्टंट बायबलात नसलेली) हे वाक्य सोडून द्या. त्याच्या १५३४ च्या पूर्ण जर्मन बायबलात ती आहेत, दोन करारांच्या मध्ये वेगळ्या विभागात. १६११ च्या किंग जेम्स आवृत्तीतही होती. त्यानं त्यांचा दर्जा उतरवला, हे म्हणणं बरोबर. उलट बाजूनं 'ट्रेंटच्या परिषदेनं ती घुसडली' हेही चूक: ३९३ आणि ३९७ च्या याद्यांत ती आहेत, फ्लोरेन्सच्या परिषदेच्या १४४२ च्या यादीत आहेत. ट्रेंटनं (प्रोटेस्टंट चळवळीनंतर भरलेल्या कॅथोलिक परिषदेनं) ८ एप्रिल १५४६ रोजी ती यादी बंधनकारक केली, एवढंच.

दीपस्तंभ यांनी अथनेशियसचा दाखला दिला. तो नव्या करारापुरताच वापरा. त्याच पत्रात तोबीत, यहुदीथ, बेनसिरा ही पुस्तकं त्यानं मुख्य यादीबाहेर, नवख्या विश्वासूंनी वाचण्याजोगी म्हणून ठेवली आहेत. बायबलाचा लॅटिन अनुवादक संत जेरोमलाही त्यांच्या दर्जाबद्दल शंका होती. प्रोटेस्टंट मित्रानं थोडं वाचलेलं असेल तर तो हे काढणारच. आपला दावा 'सगळ्यांचं पहिल्यापासून एकमत होतं' असा नाहीच. ख्रिस्तसभेनं ही पुस्तकं उपासनेत वाचली आणि परिषदांनी शास्त्रात गणली, हा आपला दावा. तो पुरेसा आहे. इ.स. ९० च्या सुमाराला यामनियाच्या परिषदेत यहुद्यांनी ही पुस्तकं नाकारली, ही गोष्ट दोन्ही बाजू सांगतात. अशी ठरीव परिषद झाली होती हेच आता अभ्यासक मानत नाहीत. त्यावर काहीही उभारू नका.

सरळरेषा

मरिया आणि ख्रिस्तप्रसाद हे दोन विषय घेते. बोलणं सर्वांत जास्त तापतं ते इथंच.

आधी फरक स्पष्ट मांडा. आराधना फक्त देवाची. संतांना आदर, मरियेला सर्व संतांहून अधिक आदर, पण तोही आदरच. आराधनेची ती पुढची पायरी नव्हे. प्रतिमांच्या वादात ७८७ च्या निकियाच्या दुसऱ्या परिषदेनं हाच भेद लेखी केला. एखादी भक्ती हा भेद पुसत असेल तर तिचं समर्थन करायची जबाबदारी तुमच्यावर नाही. 'ती अतिशयोक्ती आहे, ती शिकवण नाही,' असं सरळ म्हणा.

१ तीमथ्य २:५ (मध्यस्थ एकच) पुढे आलं की त्याच अध्यायाचं पहिलं वचन वाचून दाखवा. पौल तिथं सर्वांसाठी विनंत्या आणि मध्यस्थी करायला सांगतो. म्हणजे एकाने दुसऱ्यासाठी प्रार्थना केली तर ख्रिस्ताच्या एकमेव मध्यस्थीला धक्का बसत नाही. प्रोटेस्टंट हे मानतोच. तोही दुसऱ्यांना 'माझ्यासाठी प्रार्थना करा' म्हणतो. खरा वाद एवढाच उरतो: मरण पावलेल्या संतांपर्यंत आपली विनंती पोचते का? वाद इथवर आणून ठेवला तरी मोठं काम झालं.

इथं मत्तय २२:३२ (देव जिवंतांचा आहे), इब्री १२:१ (साक्षीदारांचा मेघ), प्रकटीकरण ५:८ आणि ८:३-४ (पवित्र जनांच्या प्रार्थना देवापुढे धूपासारख्या नेल्या जातात) ही वचनं द्या. त्यातून संत देवात जिवंत आहेत आणि स्वर्गातल्या उपासनेचा पृथ्वीवरच्या प्रार्थनांशी संबंध आहे, इतकं दिसतं. 'संतांना हाक मारा' अशी आज्ञा त्यात नाही, आणि ती आहे असं भासवू नका. ती रीत परंपरेतून येते. म्हणूनच प्रमाणाचा प्रश्न आधी व्हायला हवा. अनुवाद १८:११ मधली मृतांना विचारण्याची बंदी पुढे आली तर फरक दाखवा: तिथं गुप्त ज्ञान काढून घेण्यासाठी आत्म्यांना बोलावणं आहे, इथं देवापाशी विनंती करा अशी विनवणी. 'मरिया एकाच वेळी लाखोंचं कसं ऐकते, ती सर्वज्ञ आहे का?' नाही. देव दाखवतो म्हणून तिला कळतं. स्वतःच्या सामर्थ्यानं नव्हे.

निष्कलंक गर्भसंभवाबद्दल तर कॅथोलिकांचाच घोटाळा असतो. तो येशूच्या जन्माबद्दल नाही. मरिया स्वतः आईच्या उदरात आली त्या क्षणापासून तिला आदिपापाचा (आदामापासून आलेल्या पापाचा) डाग नव्हता, असा तो सिद्धांत आहे. पोप नवव्या पायसनं ८ डिसेंबर १८५४ रोजी जाहीर केला. आणि त्याच घोषणेत हे येशू ख्रिस्ताच्या पुण्याईच्या बळावर झालं असं लिहिलंय. त्यामुळे लूक १:४७ मध्ये मरिया देवाला 'माझा तारणारा' म्हणते ते आपल्या विरुद्ध जात नाही. तिचंही तारण झालं. पडल्यावर उचलून नव्हे, पडू न देऊन. लूक १:२८ वरून (देवदूताचं मरियेला अभिवादन) एकट्यानं हा सिद्धांत सिद्ध होतो असं मात्र म्हणू नका. मध्ययुगातला मोठा कॅथोलिक विचारवंत संत थॉमस अक्विनास यानं तो या स्वरूपात मानला नव्हता; पुढे डन्स स्कोटस या तत्त्वज्ञानं वाट काढली. शिकवणीची समज काळाबरोबर उमलत गेली हे कबूल करण्यात कमीपणा नाही.

येशूच्या भावांविषयी थोडक्यात. मार्क ६:३ मध्ये याकोब आणि योसे ही नावं येतात, आणि मार्क १५:४० मध्ये धाकटा याकोब आणि योसे यांची आई म्हणून दुसरीच मरिया वधस्तंभापाशी उभी आहे. हा पुरावा नाही, शक्यता आहे. पण 'भाऊ म्हणजे मरियेचीच मुलं' हे गृहीत त्यानं हलतं. ल्युथर आणि झ्विंगली दोघेही मरियेचं नित्य कौमार्य मानत होते, हे बहुतेक प्रोटेस्टंटांना ठाऊक नसतं.

ख्रिस्तप्रसादासाठी योहान ६ पासून सुरुवात करू नका. तिथं लगेच ६३ वं वचन येतं ('देहापासून काही लाभ नाही') आणि तास तिथंच जातो. त्याला उत्तर आहे: ५१ व्या वचनात येशू 'माझा देह' जगाच्या जीवनासाठी देतो म्हणतो, तो निरुपयोगी असेल तर वधस्तंभही निरुपयोगी ठरेल. पण आधी पौल घ्या. १ करिंथकर १०:१६ मध्ये प्याला आणि भाकर म्हणजे ख्रिस्ताच्या रक्तात आणि शरीरात सहभाग. ११:२७-२९ मध्ये अयोग्य रीतीनं खाणारा प्रभूच्या शरीराचा आणि रक्ताचा दोषी ठरतो. निव्वळ आठवणीची खूण असती तर इतकी कडक भाषा का? मग दुसऱ्या शतकात या. अंत्युखियाचा बिशप संत इग्नेशियस स्मुर्ण्याच्या ख्रिस्तसभेला लिहिलेल्या पत्रात, काही लोक ख्रिस्तप्रसाद हे आपल्या तारणाऱ्याचं शरीर आहे असं मानत नाहीत म्हणून त्यापासून दूर राहतात, अशी तक्रार करतो. इ.स. १५५ च्या सुमाराला संत जस्टिन रोमन सम्राटापुढे हीच श्रद्धा मांडतो. मर्यादा इथंही पाळा. तत्त्वपरिवर्तन ही परिभाषा १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेत अधिकृत लेखनात आली. इग्नेशियसला ती ठाऊक होती असं नाही. ज्या श्रद्धेला पुढे ते नाव मिळालं ती त्याची होती.

'मिस्सात (कॅथोलिक उपासनेत) ख्रिस्ताला पुन्हा पुन्हा बळी देता' हा आरोप इब्री १०:१०-१४ (ख्रिस्ताचं अर्पण एकदाच झालं) वर उभा असतो. ट्रेंटनं १५६२ मध्येच सांगितलंय की बळी तोच आणि अर्पण करणाराही तोच, फक्त अर्पणाची रीत वेगळी. नवा बळी नाही. एकदाच झालेलं अर्पण आपल्यापुढे उपस्थित होतं.

ओंजळ

फार उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या: 'केवळ विश्वासानं तारण' आणि शुद्धिस्थान. आणि नास्तिकांचा भाग अजून कोणी घेतला नाही.

दीपस्तंभ

तारणाविषयी बोलताना पहिलं वाक्य हे असू द्या: माणूस स्वतःच्या कर्मांनी, ख्रिस्ताच्या कृपेवाचून, नीतिमान (देवापुढे निर्दोष) ठरू शकतो असं म्हणणाऱ्याला ट्रेंटनं धिक्कारलंय. जानेवारी १५४७ मधल्या नीतिमत्त्वावरच्या निर्णयाचा तो पहिलाच नियम आहे. त्याच्या हजार वर्षं आधी, ५२९ मध्ये, ऑरेंजच्या परिषदेनं विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनंच होते असं ठरवलं होतं. हे सांगितल्याशिवाय याकोब २:२४ काढू नका. ते वचन ('केवळ विश्वासाने नव्हे') मजबूत आहे, पण एकट्यानं फेकलं की आपण कर्मांनी तारण विकत घेतो हा त्याचा समज पक्का होतो. इफिसकर २:८-१० पूर्ण वाचा. दहावं वचन गाळायची दोन्हीकडे सवय आहे.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग इथं कॅथोलिक ख्रिस्तसभा आणि ल्युथरन जागतिक महासंघ यांनी नीतिमत्त्वावर संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. २००६ मध्ये मेथडिस्ट त्यात आले. म्हणजे मतभेद संपला असं नाही. नीतिमत्त्व माणसाच्या खात्यावर नुसतं धरलं जातं की त्याच्यात खरोखर ओतलं जातं, आणि गंभीर पापानं ते गमावता येतं का, हे प्रश्न उभे आहेत. बोलणं या दोन प्रश्नांवर आणा.

शुद्धिस्थानाबद्दल फ्लोरेन्स (१४३९) आणि ट्रेंट (१५६३) यांनी शिकवलेलं फार थोडं आहे: तारण झालेल्यांपैकी काहींचं मरणानंतर शुद्धीकरण होतं, आणि आपल्या प्रार्थनांचा, विशेषतः मिस्साचा, त्यांना उपयोग होतो. किती वर्षं, कसली आग, कुठली जागा, हे सिद्धांतात नाही. ती दुसरी संधी नव्हे, तारणाचा निकाल आधीच लागलेला असतो. वचन १ करिंथकर ३:१३-१५ (प्रत्येकाच्या कामाची परीक्षा अग्नीनं होते) घ्या. २ मक्काबी १२:४३-४६ प्रोटेस्टंट शास्त्र म्हणून मानत नाही, तेव्हा ते शास्त्र म्हणून पुढे करू नका. ख्रिस्ताच्या आधी यहुदी लोक मृतांसाठी प्रार्थना करत होते याचा ऐतिहासिक साक्षीदार म्हणून करा. पापदंडाच्या माफीपत्रांचा विषय निघालाच तर गैरव्यवहार झाले हे बिनशर्त कबूल करा. ट्रेंटनं स्वतः १५६३ मध्ये त्यातली कमाई बंद करायला सांगितली, ती गैरव्यवहार होते म्हणूनच.

तळटीप

नास्तिकांचा भाग मी घेतो. इथं सर्वांत मोठी चूक म्हणजे दोन पायऱ्या एकत्र करणं. १८७० मध्ये पहिल्या व्हॅटिकन परिषदेनं शिकवलं की निर्मित सृष्टीवरून देवाचं अस्तित्व बुद्धीला खात्रीनं कळू शकतं. पवित्र त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), देहधारण (देव माणूस झाला हे) या गोष्टी मात्र प्रकटीकरणानंच कळतात. तेव्हा नास्तिकापुढे आधी पहिली पायरी. त्रैक्य सिद्ध करायला गेलात तर कॅथोलिक शिकवणीच्याच विरुद्ध गेलात.

आधी विचारा: 'देव नाही असं तुम्ही म्हणता, की मानायला कारण दिसत नाही म्हणता?' दुसरं म्हणणारे जास्त. मग कारण देण्याची जबाबदारी आपली. ती झटकू नका.

आता संत थॉमसचे पाच मार्ग, म्हणजे देव आहे हे दाखवणारे पाच युक्तिवाद. नव्वद टक्के गोंधळ एका वाक्यानं होतो: 'प्रत्येक गोष्टीला कारण असतं.' त्यावर 'मग देवाचं कारण काय?' हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्या वाक्यापाशी आपण हरतो. थॉमस ते वाक्य म्हणतच नाही. त्याचं म्हणणं: जे बदलतं, ते बदलण्याचं सामर्थ्य प्रत्यक्षात आणणारं दुसरं काही असतं. त्याचंच उदाहरण घ्या, हात काठी हलवतो आणि काठी पुढच्या वस्तूला. काठीची ताकद या क्षणी हाताकडून उसनी आलेली आहे. अशा साखळीत सगळेच उसनवार असून चालत नाही. काठी कितीही लांब केली तरी ती आपली आपण हलणार नाही. आजोबा, वडील, मुलगा ही साखळी वेगळी. आजोबा गेले तरी वडिलांना मूल होतं. असली साखळी मागे अनंत असायला थॉमसची हरकत नाही. विश्वाला सुरुवात आहे हे श्रद्धेनं कळतं, तर्कानं सिद्ध होत नाही, असं तो स्पष्ट लिहितो.

म्हणून महास्फोटाचा सिद्धांत पुरावा म्हणून आणू नका. तो मांडणारा जॉर्ज लमेत्र बेल्जियन कॅथोलिक धर्मगुरू होता (१९२७ चा निबंध, १९३१ मध्ये आदिअणूची कल्पना), आणि हे विज्ञान धार्मिक प्रश्नांच्या बाहेर ठेवावं असं त्याचंच मत होतं. पोप बाराव्या पायसनं नोव्हेंबर १९५१ च्या भाषणात सृष्टीच्या निर्मितीशी त्याचा संबंध जोडला तेव्हा लमेत्रला ते रुचलं नाही. उद्या भौतिकशास्त्राचं चित्र बदललं तर तुमचा देव डळमळायला नको.

युक्तिवाद कुठवर जातो तेही सांगा. पहिला मार्ग फक्त 'स्वतः न बदलता बदल घडवणारा' इथपर्यंत पोचतो. तो एकच, परिपूर्ण, अनंत का, यासाठी थॉमसनं आपल्या ग्रंथातले पुढचे नऊ 'प्रश्न' (प्रकरणं), तिसऱ्यापासून अकराव्यापर्यंत, खर्ची घातलेत. ती पानं ओलांडून थेट येशूवर उडी मारली की ऐकणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं. आणि खरा प्रतिवाद कुठे आहे हे ओळखा. १९४८ च्या बीबीसीवरच्या चर्चेत तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलनं जेझुइट धर्मगुरू कोपल्स्टनला सांगितलं की विश्व आहे, बस्स, त्याच्या स्पष्टीकरणाची मागणीच चुकीची. वादाचं टोक हेच: 'का?' हा प्रश्न अख्ख्या जगाबद्दल विचारता येतो की नाही. प्रत्येक छोट्या गोष्टीला कारण मागणारा माणूस इथंच का थांबतो, हे विचारा. तो थांबू शकतो. पण आता ती त्याची निवड आहे हे दोघांना दिसतं.

नीतीचा मुद्दा घ्यायचा तर जपून. 'नास्तिक नीतीनं वागूच शकत नाही' हे खोटं आहे आणि रोमकर २:१४-१५ (नियमशास्त्र न मिळालेल्यांच्या अंतःकरणातही नियम लिहिलेला आहे) याच्या विरुद्धही. प्रश्न वागण्याचा नाही, चांगल्या-वाइटाला आधार काय याचा आहे.

विज्ञान. विश्वाविषयी अडाणी बोलून ख्रिस्ती माणसानं शास्त्राची थट्टा ओढवू नये, असं संत ऑगस्टीननं उत्पत्तीवरच्या आपल्या ग्रंथात बजावलंय. उत्क्रांतीच्या अभ्यासाला १९५० मध्ये बाराव्या पायसनं मोकळीक दिली, १९९६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल तिला केवळ गृहीतकापेक्षा अधिक म्हणाले. पृथ्वी सूर्याभोवती फिरते या मतावरून गॅलिलिओविरुद्ध लागलेला १६३३ चा निकाल चुकीचा होता. १९९२ मध्ये दुसऱ्या जॉन पॉलनी चर्चच्या बाजूची चूक मान्य केली. ताऱ्यांचा पराशय (पृथ्वी फिरताना तारा किंचित सरकलेला दिसणं) खगोलज्ञ बेसेलनं १८३८ मध्ये मोजेपर्यंत पृथ्वी फिरते याचा हा पुरावा हाती नव्हता, हे खरं. पण त्यानं शिक्षा न्याय्य ठरत नाही. त्या वाक्यानं सुरुवात केलीत तर पुढचं कोणी ऐकणार नाही.

दुःखाचा प्रश्न. थॉमसनं देवाविरुद्धचा पहिला आक्षेप म्हणून हाच नोंदवलाय, तेव्हा तो कमी लेखू नका. दोन रूपं वेगळी करा. 'देव आणि दुःख एकत्र असूच शकत नाहीत' याला स्वतंत्र इच्छेचा युक्तिवाद बऱ्यापैकी उत्तर देतो. 'इतकं आणि असं दुःख पाहता देव असण्याची शक्यता कमी वाटते' हे रूप जास्त कठीण. भूकंप, लहान मुलांचे आजार, प्राण्यांची तडफड यांना स्वतंत्र इच्छा पुरत नाही. तिथं मोठं भलं आपल्याला दिसत नसेल, असं आपण म्हणू शकतो, पण त्याचीही किंमत आहे. समोरचा म्हणेल मग तुम्हाला देवाच्या हेतूंबद्दल काहीच कळत नाही. धर्मशिकवण ग्रंथ ३०९ व्या परिच्छेदात सांगतो की घाईचं कुठलंच उत्तर पुरणार नाही, ख्रिस्ती श्रद्धा संपूर्णपणे मिळून या प्रश्नाचं उत्तर आहे. वाइट हे देवानं निर्माण केलेली वस्तू नव्हे, असायला हव्या त्या चांगल्याचा अभाव आहे, हा ऑगस्टीनचा विचार सांगा, पण त्यानं वेदना खोटी ठरते असं सुचवू नका.

पुनरुत्थानासाठी १ करिंथकर १५:३-८ पासून निघा. पत्र इ.स. ५० च्या दशकातलं, आणि पौल म्हणतो की हे मला मिळालं ते मी दिलं, म्हणजे मजकूर त्याहून जुना. रोमन इतिहासकार टॅसिटस आणि यहुदी इतिहासकार जोसेफस यांच्यावरून येशू होता आणि पिलातानं त्याला मारलं एवढंच दिसतं. जोसेफसच्या यहुद्यांच्या इतिहासाच्या अठराव्या भागातल्या उताऱ्यात ख्रिस्ती हातांनी नंतर भर घातलीय, तो आहे तसा वापरू नका.

सरळरेषा

तळटीप यांच्या दुःखाच्या मुद्द्याला जोड. समोरच्याच्या घरात नुकतंच कोणी गेलं असेल आणि तो 'कुठे आहे तुमचा देव?' विचारत असेल, तर वरचं काहीही बोलू नका. 'देवाची काही योजना असेल' हे वाक्य तर नकोच. जन्मांध माणूस कुणाच्या पापामुळे, या प्रश्नाला योहान ९:३ मध्ये, आणि बुरूज कोसळून मेलेले अठरा जण जास्त पापी होते का, याला लूक १३:४-५ मध्ये येशूनं स्वतः 'नाही' म्हटलंय. लाजराच्या कबरेपाशी तो रडला. युक्तिवाद त्यानं पुन्हा विचारल्यावर, त्याच्या वेळेनं.

धर्मगुरूंकडून झालेल्या लैंगिक अत्याचारांबद्दलही असंच. 'शिकवण खरी की खोटी हा प्रश्न वेगळा आहे' हे तर्कानं बरोबर असलं तरी पहिलं वाक्य म्हणून ते निर्दय आहे. आधी गुन्हा हा गुन्हा, तो लपवला गेला हेही खरं, आणि त्याची जागा पोलिसांत आणि न्यायालयात आहे, हे स्पष्ट म्हणा. 'इतर संस्थांतही होतं' हे म्हणू नका. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तक्रार वर कळवणं धर्मगुरू आणि व्रतस्थांना बंधनकारक केलं. त्याची माहिती विचारली तर द्या, ढाल म्हणून पुढे करू नका.

ओंजळ

शेवटचं एक. 'आम्ही नरकात जाणार का?' असं दोघंही विचारतात.

पानगळ

प्रोटेस्टंट मित्राला: त्रैक्याच्या नावानं पाण्यानं झालेला त्याचा बाप्तिस्मा ख्रिस्तसभा खरा मानते, तो कॅथोलिक झाला तरी पुन्हा देत नाही. दुसरी व्हॅटिकन परिषद त्याला प्रभूमधला भाऊ म्हणते. नास्तिकाला: १९६४ च्या ख्रिस्तसभेवरच्या दस्तऐवजाच्या सोळाव्या परिच्छेदात, स्वतःच्या दोषाशिवाय देवाची स्पष्ट ओळख न झालेल्या आणि सरळ आयुष्य जगण्यासाठी धडपडणाऱ्यांनाही देव तारणासाठी लागणारी मदत नाकारत नाही, असं आहे. त्याच्या दोन परिच्छेद आधी दुसरी बाजूही आहे: ख्रिस्तसभा आवश्यक आहे हे कळूनही जो आत यायला किंवा टिकून राहायला नकार देतो त्याचं तारण होऊ शकत नाही. दोन्ही वाचून दाखवा, एक गाळून दुसरं नको. अमुक माणूस नरकात आहे असं ख्रिस्तसभेनं आजवर कुणाचंही नाव घेऊन जाहीर केलेलं नाही, तेव्हा तुम्हीही समोरच्याबद्दल निकाल देऊ नका.